फर्नेसच्या मानाने चाळीस टक्के बचत

शारजात भर जुलैत एका कुटुंबाचा घर गरम ठेवण्याचा खर्च मी जवळजवळ शून्यावर आणला. बाहेर तेव्हा सेहेचाळीस डिग्री होतं. यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही उल्हासकाकांना ओळखत नाही.

उल्हासकाका माझ्या बाबांचे मावसभाऊ. हमरिया फ्री झोनमध्ये त्यांची ट्रेडिंग कंपनी आहे. कंपनीत माणसं दोन. मालक ते, आणि सेल्स टीम मी. दिवसा मी त्यांना सर म्हणतो. संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून अल नहदाला त्यांच्याच फ्लॅटवर जातो, त्यांच्याच सोफ्यावर झोपतो आणि त्यांना काका म्हणतो. दोघांत फरक एवढाच, की काका जेवायला वाढतात आणि सर त्याचा हिशोब विचारतात.

धंदा स्टॉक लॉटचा. कोणाची तरी ऑर्डर रद्द होते, माल बंदरात अडकतो, तो काका पडेल भावात उचलतात. डिस्काउंट किती, हे ते आधी विचारतात. माल काय आहे, हे सवडीने. एप्रिलमध्ये असाच एक कंटेनर साठ टक्के डिस्काउंटमध्ये मिळाला. उघडला तर आत छत्तीस गॅस फायरप्लेस.

फायरप्लेस म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही त्याच दिवशी कळलं. टीव्हीएवढी काचेची पेटी असते. आत चिनीमातीचे ओंडके. बटण दाबलं की गॅसच्या ज्वाळा उठतात, ओंडके काही जळत नाहीत आणि खोली गरम होते. थंड देशांत लोक हिच्यासमोर पाय पसरून कॉफी पितात. आम्ही हिच्यासमोर उभे होतो तेव्हा गोडाउनमध्ये बेचाळीस डिग्री होतं आणि मी पाण्याची तिसरी बाटली संपवत होतो.

काकांनी रुमालाने एका पेटीची काच पुसली. मग म्हणाले, "कॉम्पिटिशन नाही, निखिल. आख्ख्या गल्फमध्ये हे कोणीही विकत नाहीये."

माझं प्रोबेशन एकतीस जुलैला संपत होतं. तोपर्यंत सहा फायरप्लेस विकल्यास तर कायम, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि नाशिकचं तिकीट, असं सरांनी सांगितलं. तिकिटाचे पैसे काका देणार होते. नाशिकला बाबांनी माझ्यासाठी एका ओळखीच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात जागा हेरून ठेवली होती. तो कारखाना मी एकदा आतून बघितला आहे. तो शर्ट नंतर आम्ही टाकून दिला.

तेव्हा मी मनापासून कामाला लागलो. मालाबरोबर एक ब्रोशर आलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, फर्नेसच्या मानाने चाळीस टक्के बचत. फर्नेस म्हणजे तिकडच्या घरांच्या तळघरात असतो तो राक्षसी बंब. तो गरम हवा नळकांड्यांतून आख्ख्या घरात सोडतो, कोणी नसलेल्या खोल्यांतसुद्धा. फायरप्लेस फक्त तुम्ही बसला आहात ती खोली तापवते. म्हणून खर्च कमी. एकदम पटण्यासारखं. मी ते पाठ केलं आणि तीन महिन्यांत दोनशे अकरा लोकांना ऐकवलं. एकाने विचारलं, हिच्यात तंदुरी होते का. एकाने विचारलं, उलटी लावली तर गार करेल का. बाकीच्यांनी फोन ठेवण्यापूर्वी माझी तब्येत विचारली.

फक्त एका माणसाने पूर्ण ऐकून घेतलं. ते युसुफभाई. मूळ श्रीवर्धनचे, अल ऐनला टायरचं मोठं दुकान, मोठा व्हिला, शेजारीपाजारी चार भाऊ आणि एक जावई. अल ऐनला जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि त्यांच्या बेगमेचे, शहरबानूचाचींचे, गुडघे धरतात. माणूस गरजू होता. मी दीड तास गाडीने जाऊन समोर बसलो. किंमत सांगितली, बत्तीसशे दिरहम. म्हणजे झाले साधारण चौऱ्याहत्तर हजार रुपये, हे त्यांनीच मोठ्याने करून टाकलं. मग ब्रोशर वाचलं आणि चष्मा काढला.

"चाळीस टक्के फर्नेसच्या मानानं," ते म्हणाले. "माझ्याकडं फर्नेस नाय. मग माझी बचत कुठनं येणार?"

तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही नव्हता.

ते पुढे म्हणाले की ते आयुष्यात कागद बघून टायरसुद्धा घेत नाहीत, चालवून बघतात. आधी एका घरात फर्नेस चालवा. तीन दिवस, सकाळी नऊ ते रात्री नऊ. मग त्याच घरात तुमची शेगडी चालवा, तितकंच गरम ठेवून. खर्च लिहून ठेवा. चाळीस टक्के खरोखर वाचले तर सहाच्या सहा घेतो. एक माझी, चार भावांच्या, एक जावयाची.

सहा! परतीच्या वाटेवर मी दोनदा गाडी बाजूला घेऊन आनंद केला.

कोणत्याही शहाण्या मालकाने इथे मला घरी पाठवलं असतं. काकांना मात्र ही अट अत्यंत वाजवी वाटली. संध्याकाळपर्यंत त्यांनी फर्नेस शोधून काढली. अजमानला झुबेर नावाच्या माणसाचं जुन्या मशिनरीचं यार्ड आहे. त्याच्याकडे कझाकस्तानला जाता जाता राहिलेली एक इलेक्ट्रिक फर्नेस होती. भाड्याऐवजी एक फायरप्लेस ठेवून घे, असं काकांनी सुचवल्यावर झुबेर बराच वेळ हसला. शेवटी रोख भाडं ठरलं. तीन दिवस, चौथ्या दिवशी सकाळी परत.

राहिला प्रश्न थंडीचा. घर गरम करून दाखवायचं तर ते आधी गार हवं. जुलै महिन्यात अमिरातीत असं घर कुठून आणायचं? हा प्रश्न आम्हाला एक सेकंदही पडला नाही. आम्ही तिथेच राहत होतो.

काकांचा फ्लॅट चिलर फ्री आहे. म्हणजे एसीच्या गारव्याचं बिल घरमालक भरतो, भाडेकरूला तो फुकट. नऊ वर्षांपूर्वी याच एका गोष्टीवर काकांनी हा फ्लॅट घेतला, आणि ताबा घेतल्या दिवशी एसी जो सोळावर लावला तो आजतागायत बंद केलेला नाही. घरातले सगळे सुट्टीला भारतात गेले तरी तो चालू असतो. फुकटची वस्तू बंद ठेवणं म्हणजे स्वतःच्या हातांनी नुकसान करून घेणं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे सुलक्षणाकाकू बारा महिने स्वेटर घालतात, खोबरेल तेलाची बाटली चमच्याने कोरावी लागते, आणि त्यांची सहावीतली मुलगी शर्वाणी आंघोळीहून आली की तिच्या तोंडातून वाफ निघते. पाहुणे पहिल्या दिवशी वा वा म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी शाल मागतात.

तर चोवीस तारखेला फर्नेस आली. सर्व्हिस लिफ्टमधून ती वर आणताना वॉचमनने विचारलं, काय आहे. हीटर, असं मी म्हणालो. त्याने बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रजिस्टरमध्ये फर्निचर असं लिहिलं.

फर्नेस बाल्कनीत ठेवली. तिचं हत्तीच्या सोंडेएवढं नळकांडं सरकत्या दारातून हॉलमध्ये घेतलं आणि फटी पुठ्ठ्याने बुजवल्या. हॉल चोवीस डिग्रीवर ठेवायचा असं ठरलं. बटण दाबलं. गरम वारा असा सुटला की कॅलेंडर जुलैवरून थेट नोव्हेंबरला गेलं.

एसीला हे अजिबात आवडलं नाही. नऊ वर्षांत त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विरोध करत होतं. हॉल तापतोय म्हटल्यावर त्याने सगळी ताकद लावली. मग फर्नेसने लावली. दुपारपर्यंत हॉलमध्ये चोवीस, बेडरूममध्ये तेरा, आणि मधल्या पॅसेजमध्ये छतातून पाणी ठिबकू लागलं. शर्वाणीने छत्री घेतली आणि शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, "अवर फ्लॅट हॅज वेदर नाऊ."

मी ऑफिसातून दर तासाला फोन करून आकडे घेत होतो. काकू आकडे द्यायच्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आवाजात एक वेगळाच उत्साह आला. संध्याकाळी घरी गेल्यावर कारण कळलं. आख्ख्या हॉलभर प्लास्टिकचा कागद पसरला होता आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या.

काकू जळगावच्या. वाळवण हा तिथे पदार्थ नाही, ऋतू आहे. आणि इथे येऊन नऊ वर्षं त्यांना वाळवण घालता आलं नव्हतं. बाल्कनीत काही वाळत घातलं की बिल्डिंगवाले दंड करतात, गच्चीवर जायला बंदी, आणि घरात सोळा डिग्री. आता हॉलमध्ये फुकटात गरम कोरडा वारा वाहत होता. तिसऱ्या दिवशी बटाट्याचा कीस आला. मी सोफ्यावर झोपायला जाताना पापड्यांमधून लंगडी घालत गेलो.

फर्नेसचा तीन दिवसांचा खर्च मीटरवरून काढला. एकशे नव्वद दिरहम. म्हणजे चार हजार तीनशे सत्तर रुपये, काका म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. मी मात्र खुशीत होतो. मला फक्त एकशे चौदाच्या खाली राहायचं होतं.

सत्तावीसला सकाळी फर्नेस परत गेली आणि परवानावाल्या गॅसवाल्याने हॉलमध्ये फायरप्लेस बसवून दिली. धुराचा पाइप खिडकीतून बाहेर, सिलिंडर किचनच्या बाल्कनीत. सिलिंडरचं वजन मी बॅगा तोलायच्या काट्यावर केलं. हा काटा इथल्या प्रत्येक भारतीय घरात असतो आणि विमानाच्या तीस किलोंपलीकडे कशालाही वापरला जात नाही. मी त्याला शास्त्राच्या सेवेत आणलं.

तीनही दिवस मी संध्याकाळी सहाला घरी पोचायचो, कारण काकांनी मला टेस्टसाठी लवकर सोडलं होतं. ते स्वतः नऊला यायचे. दार उघडलं की समोर फायरप्लेस तेजाने जळत असायची आणि हॉल इतका उबदार असायचा की मला घाम फुटायचा. मी शर्टाची दोन बटणं काढून तिच्यासमोर बसायचो. सोळा डिग्रीच्या एसीला ही एवढीशी पेटी एकहाती परतवून लावत होती. मला तिच्याविषयी आदर वाटू लागला. शर्वाणीला म्हटलं, बघ, याला इंजिनिअरिंग म्हणतात. ती म्हणाली, "इट्स अ स्क्रीनसेव्हर, दादा."

एकोणतीसला सिलिंडर पुन्हा काट्याला लावला. माझा विश्वास बसेना. तीनदा लावला. तीन दिवसांत गॅस एक किलोच्या आसपास गेला होता. म्हणजे सहा दिरहम. एकशे नव्वदच्या जागी सहा. बचत सत्त्याण्णव टक्के!

ब्रोशरवाले नम्र लोक होते, असं माझ्या मनात आलं.

तीस तारखेला युसुफभाई आणि शहरबानूचाची अल ऐनहून आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. माझं कायमचं पत्र टाइप करून त्यांच्या खिशात होतं, फक्त सही बाकी. मी उभा राहिलो, वही उघडली आणि आकडा सांगितला. टाळ्यांची सवय नसलेल्या माणसाने थांबावं तितका वेळ थांबलो.

युसुफभाईंनी वही हातात घेतली. बेरीज तपासली, वजाबाकी तपासली. मग म्हणाले, "चाळीस म्हणाला होतास. सत्त्याण्णव कुठनं आले?"

मी म्हणालो, मशीनच चांगली आहे. ते म्हणाले, कंपनीवाला स्वतःच्या मालाची बचत कमी कशाला छापेल? काका घाईघाईने म्हणाले की गल्फच्या हवेत गॅसला जास्त जोर येतो.

इतक्यात काकू चहा आणि तळलेल्या पापड्या घेऊन आल्या. शहरबानूचाचींनी एक खाल्ली, दुसरी उचलली आणि थांबल्या. "वहिनी, ही दुकानातली नाय. ही वाळवलेली कुठं?" इथे या हॉलमध्येच, काकूंनी अभिमानाने सांगितलं. फर्नेसने सुरुवात छान झाली होती, पण या शेगडीला मेलीला वारा नाही आणि वरून एसीचा झोत. पहिल्या दिवशी सकाळी अर्ध्या पापड्या उडून टीव्हीमागे गेल्या.

"मग?" चाचींनी विचारलं.

"मग काय, एसी बंद केला."

काकांनी कप खाली ठेवला.

"कोणता एसी?"

"आपल्याकडे दुसरा कुठला आहे?"

मग सगळं शांतपणे बाहेर आलं. सकाळी आम्ही दोघं गाडीत बसलो की काकू एसी बंद करायच्या. बाहेर सेहेचाळीस, त्यामुळे अकरापर्यंत हॉल आपोआप तापायचा आणि दुपारी पापड्या कडक. फायरप्लेस त्या लावतच नव्हत्या. सहाला लिफ्टची घंटी ऐकू आली की लावायच्या, मी इतका मनापासून करतोय तर मला वाईट वाटू नये म्हणून. आणि काका यायच्या आत, साडेआठला मी आंघोळीला गेलो की, एसी पुन्हा सुरू.

काका उठून एसीच्या झडपेखाली जाऊन उभे राहिले. "फुकट होता गं तो," एवढंच म्हणाले. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांचा एक कंटेनर समुद्रात पडला, तेव्हाही ते दुसऱ्या दिवशी जेवले होते.

युसुफभाईंनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "म्हणजे निखिल बेटा, हे घर गरम करायला शेगडी नको, फर्नेस पण नको. बटण बंद केलं की झालं."

मी म्हणालो की तुमच्याकडे थंडीत तसं होणार नाही, तिथे फायरप्लेस लागेलच. हे खरंही होतं. त्यांनी ते मान्यही केलं. म्हणाले, मग टेस्ट थंडीतच करू, जानेवारीत ये, इन्शाल्ला. इथे सहा महिने काढलेल्या माणसाला हा इन्शाल्ला ओळखू येतो. उठता उठता त्यांनी खिशातलं चेकबुक दाखवलं. "चाळीस म्हणाला असतास ना, तर आता फाडला असता. सत्त्याण्णव ऐकून माणूस जागा होतो रे."

फायरप्लेस एकही गेली नाही. पण चाची जाईनात. त्यांनी काकूंच्या शेजारी बसून यादी काढली. पापड्या सहा किलो, कीस चार किलो, तेवढंच प्रत्येक जावेला, आणि उपासाचं नसेल ते अजून काही असेल तर तेही. भाव ठरला, अर्धे पैसे तिथेच टेबलावर ठेवले गेले. युसुफभाईंनी यावर एकही प्रश्न विचारला नाही. चालवून बघितलेला माल होता.

ते गेल्यावर काकांनी खिशातलं पत्र काढलं आणि घडीवर बोट फिरवत बसले. मी सोफ्यावर माझी बॅग कुठे आहे ते बघत होतो. एकतीस तारीख उजाडायला नऊ तास होते आणि कोंबडीखाद्याचा वास मला आतापासूनच येत होता.

"या तीन महिन्यांत तुमच्या कंपनीत विक्री किती झाली?" काकूंनी विचारलं.

काकांनी पत्र उलटं करून ठेवलं.

"आणि माझी आज किती झाली?"

काकांनी मनात आकडा केला, मग रुपयांत केला, आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. काकू म्हणाल्या, पन्नास किलोंची ऑर्डर आहे, मला एकटीला उरकणार नाही, मला हा मुलगा हवा. तुम्ही सही करा. काकांनी पेन काढलं. शेवटी धंद्यातले आहेत ते, फायदा दिसला की कागद अडवत नाहीत. पण सही करण्यापूर्वी त्यांनी पत्राच्या तळाशी हाताने एक ओळ लिहिली, आणि या ओळीवर ते काकूंचंही ऐकायला तयार नव्हते. कामाच्या वेळेत एसी बंद करता येणार नाही.

मी तिथेच खाली सही केली. काकू म्हणाल्या, काळजी करू नकोस, मार्ग काढू.

त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी काढला. त्यामुळे मी आता कायम आहे, मेडिकल इन्शुरन्ससकट. एसी नियमाप्रमाणे दिवसभर सोळावर चालू असतो. मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा स्टुलावर उभा राहून त्याच्या झडपेवर उशी दाबून धरतो आणि खाली पापड्या वाळतात. जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे, तेव्हा उशी शर्वाणी धरते.